‘जिवाची पर्वा न करता’ नव्हे, जीव जपूनच कडा चढलो

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मराठवाड्यातील सहा जणांनी केलेल्या प्रस्तरारोहणाची बातमी आपल्या दैनिकाने गेल्या पंधरवड्यात छायाचित्रासह ठळकपणे छापली, याबद्दल त्या सहांपैकी एक या नात्याने मी आपला मनापासून आभारी आहे. संभाजीनगर, जालना आणि भोकरदनकडच्या मुलामुलींचे असे काम आपल्या भागातील वर्तमानपत्रात यावे, ही आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे. माझ्या आईने ते कात्रण पोथीत जपून ठेवले आहे. तरीही बातमीतील एका वाक्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘जिवाची पर्वा न करता या जिगरबाज तरुणाने कडा सर केला’ असे ते वाक्य होते. त्यातील ‘तरुणाने’ हे एकवचन आणि ‘जिवाची पर्वा न करता’ हे चार शब्द वस्तुस्थितीला धरून नाहीत, आणि त्या चार शब्दांचा परिणाम मला बातमीनंतर तिसऱ्याच दिवशी दिसला.

कन्नड तालुक्यातील दोन महाविद्यालयीन मुलांनी कुठून तरी माझा क्रमांक मिळवून फोन केला. बातमी वाचून तेही अजिंठ्याच्या डोंगररांगेतील एका कड्यावर चढू लागले होते आणि ‘सर, निम्म्यापर्यंत गेलो होतो’ हे त्यांनी अभिमानाने सांगितले. त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रात एकाच्या कमरेला निळी नायलॉनची दोरी होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कडबा बांधायला वापरतात तीच, आणि तिला गाठ होती ती बैलाच्या दाव्याला मारतात तशी. दुसरे टोक वर बसलेल्या मित्राने तळहाताला दोन वेढे देऊन धरले होते. हा मुलगा दहा फूट जरी घसरला असता, तरी काय झाले असते हे मला त्या छायाचित्रात स्पष्ट दिसत होते. ते छायाचित्र पाहिल्यावर रात्री मला नीट झोप लागली नाही.

कड्यावर प्रत्यक्षात काय झाले, ते आता थोडे सविस्तर सांगतो. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि वर्गात नेहमी सांगतो, की आपले वेरूळ-अजिंठ्याचे डोंगर आणि पलीकडचा सह्याद्री हे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच लाव्हाचे आहेत. थरावर थर साचत गेले आणि दोन थरांच्या मधल्या काळात कुजलेल्या पृष्ठभागाची तांबडी, गेरूसारखी माती झाली. कोकणकड्यावर उभे राहिल्यावर हे पाठ्यपुस्तकातले वाक्य हाताला लागते, कारण वीस-पंचवीस मीटर उत्तम काळा कातळ चढून गेल्यावर एकाएकी हाताखाली मुरमासारखा सुटा भाग येतो आणि त्यात मेख बसत नाही. आमच्यात भोकरदनकडचा एक जण होता. त्याच्या घरात तीन पिढ्यांपासून विहिरी खोदण्याचे काम आहे. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण हे शब्द तो शाळेत जाण्याआधी शिकला. आपल्याकडे विहिरीत खाली जाताना जे थर लागतात, तेच कड्यावर वर जाताना लागतात, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखले. बोल्ट, म्हणजे दोर अडकवण्यासाठी कातळात बसवायचा लोखंडी खिळा, मारायचा असेल तेथे तो आधी हातोडीने कातळ ठोकून पाही, बाजारात आपण मडके वाजवून घेतो तसा. आवाज खणखणीत आला तर तेथे छिद्र पाडायचे, बद्द आला तर हात काढून घ्यायचा आणि दुसरी जागा शोधायची. हाताने छिद्र पाडून एक बोल्ट बसवायला कठीण कातळात अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास माणूस एका पायाच्या अंगठ्यावर किंवा दोरीच्या छोट्या शिडीत लटकून काढतो. चाळीस मीटरच्या एका टप्प्याला आम्हाला साडेचार तास लागले. त्या वेळात घाई कोणी केली नाही आणि जिगर कोणी दाखवली नाही.

आपल्या छायाचित्रात जो तरुण दिसतो, तो उत्तम आरोहक आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या हार्नेसमधून, म्हणजे कमरेच्या व मांड्यांच्या पट्ट्यातून, खाली गेलेला दोर छायाचित्राच्या चौकटीबाहेर जालन्याच्या एका मुलीच्या हातात होता. ती त्याला बिले देत होती, म्हणजे तो चढेल तसा दोर वितीवितीने सोडत होती आणि तो घसरलाच तर त्याच क्षणी अडवायला सज्ज होती. ‘स्लॅक दे’, ‘टाईट घे’ या दोन हाकांखेरीज त्या दोघांत तासन् तास बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने धरलेला विटेएवढा दगड मुळासकट निघाला. त्याही स्थितीत तो ‘दगड!’ असे ओरडला, कारण खाली माणसे होती, आणि मग स्वतः चारेक मीटर खाली आला. दोर ताणला गेला, ती मुलगी हातभर वर उचलली गेली, पण दोरावरचा तिचा हात सुटला नाही. बातमीत या मुलीचा उल्लेख नाही. कड्यावर मुक्काम करणाऱ्या तिघांसाठी चार दिवसांचे, माणशी रोज तीन लिटर या हिशेबाने छत्तीस लिटर पाणी दोराने वर ओढणाऱ्यांचाही नाही. पायथ्याशी राहून दुर्बिणीने मार्ग पाहणारे आणि दर दोन तासांनी वॉकीटॉकीवर बोलणारे तर कोणाच्या खिजगणतीतही नव्हते.

चौथ्या दिवशी आम्ही वर गेलोच नाही. वरच्या पुढे आलेल्या कातळाखाली आग्या मोहोळ दिसले, आणि तेथून जाणे म्हणजे केवळ आरोहकाचाच नव्हे तर खालच्या सगळ्यांचा जीव धोक्यात घालणे, म्हणून कष्टाने चढलेला टप्पा सोडून आम्ही पंचवीस मीटर खाली उतरलो आणि डावीकडे सरकत नवा मार्ग शोधण्यात अख्खा दिवस घालवला. संध्याकाळी, कडा पश्चिमेला असल्याने दुपारपासून तापलेल्या कातळाला पाठ लावून, मोहीम इथेच थांबवावी का, यावर आम्ही गंभीरपणे बोललो. पाणी आठ लिटरच्या खाली गेले तर शिखर कितीही जवळ असो, उतरायचे, हे निघण्याआधीच ठरले होते. ते वेळेवर पुरले म्हणून सहाव्या दिवशी माथा लाभला, नाहीतर आम्ही निमूटपणे परत आलो असतो.

परत येणे हा या क्षेत्रात कमीपणा मानत नाहीत. गंगोत्री भागातील मेरू पर्वताच्या ६,३१० मीटर उंचीच्या मध्य शिखराच्या ‘शार्क्स फिन’ या उभ्या भिंतीवर २००८ मध्ये कॉनराड अँकर, जिमी चिन आणि रेनान ओझटर्क हे तिघे हिमवादळामुळे सात दिवसांच्या शिध्यावर जवळपास तीन आठवडे काढून, माथा सुमारे शंभर मीटर उरला असताना मागे फिरले. तेच तिघे पुन्हा गेले आणि २०११ च्या ऑक्टोबरमध्ये माथ्यावर पोहोचले. उत्तराखंडातील चांगाबांगची पश्चिम भिंत १९७६ मध्ये चढणारे पीटर बोर्डमन आणि जो टास्कर यांनी निघण्यापूर्वी मांसाच्या शीतगृहात झोळ्या टांगून, त्यात रात्री झोपून पाहिले होते. कडाक्याच्या थंडीत लोंबकळत रात्र काढता येते की नाही, हे कड्यावर गेल्यावर नव्हे तर आधी कळावे म्हणून. ज्याला जिवाची पर्वा नाही तो इतकी उठाठेव कशाला करेल?

दोराविषयीही वाचकांना सांगणे जरूर आहे, कारण आपल्याकडे दोर म्हणजे कासरा, दावे किंवा विहिरीचा सोल, आणि मजबुती म्हणजे न तुटणे, एवढाच समज आहे. आरोहणाचा दोर केवळ न तुटणारा असून भागत नाही, त्याने ताणले जाऊन पडणाऱ्याचा झटका स्वतःत जिरवावा लागतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एकेरी दोरावर ८० किलोचे वजन ठरावीक पद्धतीने पुनःपुन्हा पाडून पाहतात. तो किमान पाच पतने सोसू शकला पाहिजे आणि पहिल्या पतनाचा झटका १२ किलोन्यूटनपेक्षा (साधारण बाराशे किलो वजनाच्या ओढीपेक्षा) जास्त बसता कामा नये. ट्रॉलीची दोरी कदाचित तुटणारही नाही, पण कमरेला बांधलेली तशी दोरी एका हिसक्यात बरगड्या आणि पाठीचा कणा मोडू शकते, आणि तळहाताला वेढे देऊन बसलेल्या मित्रालाही सोबत ओढून नेते.

माझी विनंती एवढीच आहे, की आपल्या वार्ताहरांनी अशी बातमी देताना चमूत किती जण होते, दोर कोणाच्या हाती होता, किती दिवस लागले, कोठे माघार घेतली आणि चढणाऱ्यांनी प्रशिक्षण कोठे घेतले, हे दोन ओळींत का होईना लिहावे. आमच्यापैकी तिघांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला आहे आणि उरलेल्यांनी त्या तिघांच्या देखरेखीखाली चार वर्षे लहान कातळांवर सराव केला आहे. कोकणकड्यापर्यंतची वाट ही अशी होती. वनखात्याची परवानगी हाही तिचाच भाग होता, कारण हा परिसर अभयारण्याचा आहे. ओघात हेही सांगतो, की देवगिरीचा तासलेला कडा पाहून आपल्याकडच्या अनेक मुलांचे हात शिवशिवतात. तो कडा मुळात कोणी चढू नये म्हणूनच तासला होता, आज तो संरक्षित स्मारक आहे, आणि तेथे दोर लावण्याचा विचारही कोणी करू नये.

कन्नडच्या त्या दोघांना मी रागावलो नाही. धाडस त्यांच्यात आहे, आणि मराठवाड्यातील मुलांनी कड्यांकडे पाहावे असे मला मनापासून वाटते. येत्या रविवारी ते दोघे आमच्या सरावाला येत आहेत. पहिले दोन रविवार ते जमिनीवर उभे राहून फक्त गाठी मारतील आणि एकमेकांना बिले देतील, त्यानंतर पुरुषभर उंचीच्या कातळावर हात लावतील. आपल्या वार्ताहरांपैकी कोणाला यायचे असल्यास अवश्य यावे. डोक्याला टोपी आणि सोबत दोन लिटर पाणी असावे, आणि सकाळी सहाला पोहोचावे, कारण आपल्याकडचा कातळ दहा वाजल्यानंतर हात लावू देत नाही.

कळावे.

आपला नम्र,
एक शिक्षक व चमूतील सदस्य,
छत्रपती संभाजीनगर