खिशातला पहिला चाकू कामाकडे पाहून निवडावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुरिअरने मागवलेले बटणचाकू आणि तशीच इतर पाती पोलिसांनी जप्त केल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. टेबलावर ओळीने मांडलेल्या त्या चाकूंचे छायाचित्र पाहिले की कारवाई झाली याचे समाधान वाटते, पण त्याबरोबर एक काळजीही मनात घर करते. चाकू म्हणजे भांडणाची वस्तू, एवढीच ओळख नव्या पिढीला होत असेल, तर शेतात, बागेत, दुकानात रोज लागणारे हे साधे अवजार कसे असावे हे त्यांना कोण सांगणार? याच पंधरवड्यात कृषी पदविकेचे दुसरे वर्ष संपवून घरी आलेला माझा पुतण्या मला म्हणाला, "काका, रोज खिशात ठेवायला एक चाकू घ्यायचाय, कोणता घेऊ ते तुम्हीच सांगा." त्याने मोबाइलवर तीन चाकू निवडून ठेवले होते. तिन्हींची पाती काळी, हातभर वाटावीत इतकी लांब, आणि बोटाच्या एका झटक्यात उघडणारी होती. त्याला मी जे सांगितले ते इतर वाचकांनाही उपयोगी पडेल, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

पहिला चाकू बिनखटक्याचा (उघडे पाते अडकवून ठेवणारी कळ नसलेला), कमानीवर म्हणजे पोलादी पट्टीच्या ताणावर उघडमीट होणारा, मिटल्यावर तळहातात मावणारा आणि घरच्या दगडावर धार लावता येईल असा असावा, असे माझे ठाम मत आहे. गेली चाळीस वर्षे मी मोसंबीच्या बागेत आहे आणि खिशातल्या चाकूला पडणारी कामे मला पाठ आहेत. ठिबकची नळी सरळ कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, सुतळी तोडायची, फळ आडवे कापून रस आणि सालीची जाडी पाहायची, डिंक्या रोग लागलेल्या खोडाची कुजकी साल निरोगी भाग दिसेपर्यंत खरवडून तिथे मोरचूद-चुन्याचा बोर्डो मलम लावायचा, आणि दुपारी बांधावर बसल्यावर भाकरीबरोबर कांदा चिरायचा. यांपैकी एकाही कामाला तीन इंचांहून लांब पाते लागत नाही. (खोड खरवडलेला चाकू निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये आणि स्वच्छ धुतल्याशिवाय कांद्याजवळही नेऊ नये, हे ओघात सांगतो.) रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरण्याचा कलमचाकू हे वेगळे अवजार आहे. त्याची धार दुसऱ्या कामात खर्च करणे योग्य नाही, म्हणून त्याला या हिशेबात धरू नये.

कमानीच्या चाकूची रचना जुनी आणि सोपी आहे. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी बसवलेली असते, तिलाच कमान म्हणायचे. पात्याचे मूळ या पट्टीवर दाबून फिरते आणि पाते पूर्ण उघडले किंवा पूर्ण मिटले की मुळाची सपाट बाजू पट्टीवर येऊन बसते. पाते जागेवर राहते ते पट्टीच्या ताणामुळे. त्याला कुलूप लावणारा खटका नसतो. त्यामुळे असा चाकू पारखायचा म्हणजे ही कमान पारखायची. नखाच्या खाचेत नख अडकवून पाते सावकाश उघडावे. शेवटच्या टप्प्यावर ते आपण होऊन ओढले जाऊन स्वच्छ ‘कट्’ असा आवाज आला पाहिजे. आवाज मेंगळा असेल, किंवा पाते उघडून झाल्यावरही करंगळीने ढकलता येत असेल, तर कमान मेलेली आहे असे समजावे. काही चाकूंत पाते अर्ध्यावर, काटकोनात, क्षणभर थांबते. नवशिक्याला हा थांबा फार उपयोगी असतो, कारण मिटताना पाते एकदम बोटांवर न येता आधी तिथे अडते आणि बोटे बाजूला घ्यायला वेळ मिळतो. त्यानंतर उघडे पाते चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. खिळा सैल असेल तर ते तिथेच कळते. मग चाकू उजेडाकडे धरून कमान आणि मुठीच्या पत्र्यांमधून प्रकाश दिसतो का ते बघावे. चांगल्या कारागिराच्या चाकूत तिथे केसाएवढीही फट नसते. शेवटी चाकू मिटवावा, पुन्हा उघडावा आणि धारेवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. एका जागी तंतू अडकले तर मिटताना धार आतल्या कमानीवर आपटते आहे, आणि असा चाकू कितीही देखणा असला तरी परत करावा.

हे सगळे हातात घेऊनच कळते. म्हणून मोबाइलवरच्या चित्रावरून पहिला चाकू मागवू नये, आणि दुकानदारांनीही पाकीट फोडून चाकू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला कुरकुर करू नये.

खटक्याचा चाकू अधिक सुरक्षित नाही का, हा प्रश्न पुतण्याने विचारला आणि तो रास्त आहे. बारा वर्षांपूर्वी मीही हाच विचार करून तालुक्याच्या एका दुकानातून चकचकीत खटक्याचा चाकू आणला होता. खटका आहे म्हणून निर्धास्त होऊन मी त्याचे टोक पीव्हीसी पाइपात दाबून भोक पाडू लागलो. खटक्याची पातळ पट्टी सरकली, पाते मिटले आणि उजव्या हाताच्या तर्जनीवर आले. तीन टाके पडले, आणि थंडीत त्या बोटाचा शेंडा अजूनही बधिर होतो. चांगल्या घडणीचा खटका असा सुटत नाही हे मला मान्य आहे. पण खटका असला की टोकाने रेटण्याची, खुपसण्याची, पात्याने उचकटण्याची वाईट सवय हाताला लागते, आणि ज्या दिवशी खटका दगा देतो त्या दिवशी ती सवय बोटावर बेतते. कमानीचा चाकूही टोकाने रेटला तर मिटतोच. फरक एवढाच की तो ही गोष्ट लपवत नाही, आणि तो वापरणारा माणूस पहिल्या महिन्यातच धारेने, पाते आपल्यापासून दूर सारत कापायला शिकतो. भोक पाडायला आरी किंवा ड्रिल आहे.

पोलादाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण दुकानात सर्वांत जास्त दिशाभूल इथेच होते. ज्या पोलादात क्रोमियमचे प्रमाण साधारण साडेदहा टक्क्यांच्या पुढे जाते ते स्टेनलेस आणि ते गंजाला सहसा दाद देत नाही. साधे कार्बन पोलाद गंजते, पण त्याला दगडावर चटकन आणि बारीक धार येते. आपल्याकडचे लोहार जीप-ट्रकच्या कमानपाट्यापासून कोयते, विळे घडवतात, ते याच जातीचे पोलाद. मोसंबी किंवा लिंबू कापले की कार्बन पोलादाचे पाते पाच मिनिटांत निळसर काळे पडते आणि पुढची फोड लोखंडासारखी लागते. नवीन माणूस याला गंज समजून पाते वाळूने घासतो. ते करू नये. हा काळा-राखाडी थर हळूहळू सगळ्या पात्यावर चढतो आणि तांबड्या गंजाला थोडाफार अटकाव करतो. काढायचा तो फक्त तांबडा गंज. काम झाल्यावर पाते पुसून कोरडे करणे आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडणे एवढी निगा पुरते. आपल्या मराठवाड्यात घरोघरी करडईचे तेल असते आणि हात सहज त्याच बाटलीकडे जातो, पण करडई आणि जवस ही सुकणारी तेले आहेत, काही दिवसांत ती सांध्यात डिंकासारखी चिकटतात आणि कमान जड होते. ज्याच्याकडून पुसण्याची शिस्त पाळली जाणार नाही, किंवा ज्याच्या हाताला फार घाम येतो, त्याने खुशाल स्टेनलेसचा चाकू घ्यावा.

धार लावायला शिकणे हा चाकू घेण्याचाच भाग आहे. चाकू घेतला त्याच दिवशी एका बाजूने भरड व दुसऱ्या बाजूने बारीक असा निसणा, म्हणजे धारेचा दगड, घ्यावा. पाते दीड सेंटिमीटर रुंद असेल तर एक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवून जेवढी उंची होते, तेवढी पात्याची पाठ दगडापासून वर ठेवावी आणि दगडाचा पातळ काप काढायचा आहे अशा बेताने पाते पुढे सारावे. एका बाजूने जितके हात, तितकेच दुसऱ्या बाजूने. धारेच्या कडेला अंगठ्याच्या नखाला खरखरीत लागणारी बारीक शिव उठली की भरड बाजूचे काम झाले. मग बारीक बाजूवर हलक्या हाताने ती शिव काढून टाकावी. विजेच्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे एवढे छोटे पाते देऊ नये. ठिणग्या उडता उडता पाते तापून निळे पडले की पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, त्या जागी उतरते, आणि नंतर कितीही घासले तरी तिथे धार टिकत नाही.

बाहेरच्या चाकूंपैकी दोन मला परिचयाने सांगता येतात. फ्रान्समधला ओपिनेल १८९० पासून बनतो, त्याची मूठ बीच लाकडाची असते आणि १९५५ पासून त्याला पाते अडवणारी फिरती कडी बसवलेली आहे. त्याचा ७ क्रमांकाचा चाकू आठ सेंटिमीटर पात्याचा असतो. पावसाळ्यात त्याची मूठ फुगते आणि पाते उघडायला अवघड जाते. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा कारखाना १८८४ चा. त्याच्या ९१ मिलिमीटरच्या घडीच्या चाकूतले मोठे पाते बिनखटक्याचे, कमानीवरचेच आणि स्टेनलेसचे आहे. दोन्हींच्या नकला बाजारात फार आहेत, तेव्हा वर सांगितलेली पारख इथेही करावी.

कायद्याची बाजू तरुणांनी नीट समजून घ्यावी. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. यावरून तीन इंचांचा चाकू कुठेही नेता येतो असा अर्थ मात्र काढू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला किंवा आंदोलनाच्या काळात निघणारे आदेश आपल्या दैनिकात छापून येतात, आणि त्या कलमात चाकूच काय, काठीचाही स्पष्ट उल्लेख आहे. असा आदेश लागू असताना गर्दीच्या ठिकाणी चाकू खिशात सापडला तर ‘मोसंबी कापायला ठेवला होता’ हे उत्तर पुरे पडणार नाही. नांदेडला दुकानांत दिसणारी कृपाण ही शीख बांधवांच्या धर्माचरणाची वस्तू आहे आणि संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात तिचा उल्लेख आहे. तिचा दाखला खिशातल्या चाकूला लागू होत नाही. माझा स्वतःचा नियम असा आहे की चाकू शेतात आणि वाड्यात खिशात असतो, आणि तालुक्याला, कचेरीत, सभेला किंवा यात्रेला निघताना तो खुंटीवरच्या पिशवीत जातो. विमानाने जायचे असेल तर तो हातातल्या सामानात चालत नाही.

माझ्या खिशातला चाकू तीस वर्षांपूर्वी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत एका घिसाड्याकडून घेतलेला आहे. मूठ शिंगाची, पाते पावणेतीन इंचांचे, आणि इतक्या वर्षांच्या धारेने ते आता मूळच्या दोन तृतीयांश रुंदीचे उरले आहे. तो घेताना त्या कारागिराने पाते माझ्यासमोर दहा वेळा उघडून-मिटून दाखवले होते आणि प्रत्येक वेळी आवाज सारखाच आला होता. अलीकडे मी त्या यात्रेत पुन्हा शोध घेतला, तेव्हा खुरपी, विळे, कढया मिळाल्या, घडीचा चाकू मात्र कोणाच्याच पालावर नव्हता. पंचवीस-तीस वर्षांत गिऱ्हाईकच आले नाही, मग कमान बसवायचे किचकट काम कशाला करू, असे एका वयस्कर घिसाड्याने सांगितले. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण मागणी नाही म्हणून घडण थांबली आणि घडण थांबली म्हणून आमची मुले बटणचाकूंच्या चित्रांपुढे बसली, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून माझी आपणास विनंती आहे की आपल्या कृषी पुरवणीत ट्रॅक्टर आणि फवारणी यंत्रांइतकीच जागा कधीतरी हातातल्या अवजारांनाही द्यावी. आठही जिल्ह्यांत घडीचा चाकू, कलमचाकू किंवा अडकित्ता अजून घडवू शकणारे जे लोहार आणि घिसाडी असतील, त्यांची माहिती वाचकांकडून मागवून छापावी. एका गावातून दहा चाकूंची मागणी गेली तरी एखाद्या भात्याला पुन्हा हे काम मिळेल. माझ्या पुतण्याने मोबाइलवरचे तिन्ही चाकू रद्द केले असून, खंडेनवमीला अवजारांच्या पूजेत त्याचा स्वतःचा चाकू असावा यासाठी आम्ही दोघे कारागीर शोधत आहोत. तोपर्यंत माझाच चाकू आणि निसणा त्याच्याकडे दिला आहे. गेले आठ दिवस तो रोज संध्याकाळी ओसरीवर धार लावतो आहे. डाव्या बाजूला हात अजून जरा जास्त पडतो.

आपला विश्वासू,
एक मोसंबी उत्पादक शेतकरी,
ता. अंबड, जि. जालना