बायबलच्या कव्हरातली पट्टी

पुणे, रविवार रात्र

प्रिय रूथ,

सप्रेम सलाम.

ईस्टरनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. त्याची माफी समक्ष मागेन. माझा गुडघा आहे तसाच, शुगर बरी. काल फोनवर तू बोललीस आणि भावोजी आत आले तसा घाईने ठेवून दिलास, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. उपासनेतही लक्ष नव्हतं. म्हणून सगळं कागदावर उतरवते. पत्र मध्येच कट करता येत नाही.

नैराश्याच्या गोळ्या बंद करून अकरा दिवस झाले म्हणालीस. घरी प्रार्थनेला आलेल्या त्या भाऊंनी डोक्यावर हात ठेवला, 'विश्वास आहे ना, मग गोळी कशाला?' असं विचारलं, आणि तू उरलेली पट्टी बायबलच्या कव्हरात, चेनच्या कप्प्यात सरकवलीस. दहातल्या सहा शिल्लक. चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात वीज चमकून गेल्यासारखं होतं, तोल जातो, रात्री भलभलती स्वप्नं पडतात, सुनेवर उगाच खेकसतेस. भाऊ म्हणतात हा सैतानाचा विरोध आहे, अजून एक उपास धर.

रूथ, हा सैतान नव्हे गं. तुझी ही गोळी, एस्सिटालोप्राम, तीन महिने रोज घेऊन एकदम थांबवली की पुष्कळांना नेमकं हेच होतं. शरीर त्या औषधाशी जुळवून घेतलेलं असतं. ते अचानक तुटलं की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यातले झटके, चिडचिड सुरू होते आणि बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत ओसरते. 'सवय लागली' म्हणून घाबरलीस ना? ही दारूची सवय नव्हे. गोळीसाठी जीव कासावीस होत नाही, दर महिन्याला जास्त लागत नाही. फक्त ती उतरवायची झाली तर डॉक्टर पायरीपायरीने उतरवतात.

मला खरी भीती वाटते ती पुढच्या महिन्याची. झटके थांबतील, भाऊ म्हणतील 'जिंकलीस', तूही मानशील. आणि मग हळूहळू पहाटे तीनला जाग येऊ लागेल, चहा बेचव लागेल, वेणी घालणंही डोंगराएवढं वाटेल. झटके लगेच येतात आणि जातात. आजार मात्र उशिरा परततो आणि ठाण मांडून बसतो. बरं वाटायला लागलं म्हणून तू गोळी थांबवलीस, सगळे तेच करतात. पण या गोळीचा गुण दिसायलाच दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पूर्ण बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने ती चालू ठेवायची असते. भावोजींना विचार, स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सेंट्रिंग काढतात का? वरून सुकलेलं दिसलं म्हणून?

तेव्हा उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर. आपल्या मनाने गोळी पुन्हा सुरू करू नकोस, आणि राहिलेल्या भरून काढायला दोन तर मुळीच घेऊ नकोस. कोणत्या तारखेला थांबवली ते सांग, झटक्यांचं सांग, आणि सुरुवात ५ मिलिग्रॅमपासून करायची का ते विचार. कंबरेसाठी घेतेस ती दुखण्याची गोळीही सांग. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि ती गोळी तू दुकानातून परस्पर आणतेस हे मला माहीत आहे. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलेलं नसेल तर तपासून घे. थायरॉइड मंद असला तरी माणूस असाच थिजून जातो, आणि नुसत्या रक्ताच्या तपासणीत ते कळतं.

आता विश्वासाचं. 'गोळी घेतली तर प्रभूवर भरवसा नाही असं होईल' असं म्हणालीस, तिथे मला रडू आलं. हिज्कीया राजाचं आठव. मरणाच्या आजारात तो भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने त्याची प्रार्थना ऐकली, त्याला १५ वर्षं वाढवून दिली. आणि तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलंच! एकाच अध्यायात दोन्ही आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, प्रेषित पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो, पौलाने त्याला कधी धंदा सोडायला लावलं नाही.

आणि उपास आता अजिबात नको. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. मग दूताने हात लावून उठवलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. तो परत झोपला. परत उठवून परत खायला घातलं. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवस चालून झाल्यावर. तुझं सध्या झुडपाखालचं चाललंय. भूक नसली तरी दर तीन तासांनी थोडं खा. मऊ भात, अंडं, केळं, काहीही.

प्रार्थना होत नाही म्हणून स्वतःला टोचून घेऊ नकोस. या आजारात लक्षच ठरत नाही, तीन अध्याय वाचायला बसशील आणि एकही न वाचता पापी ठरशील. १३वं स्तोत्र घे, सहाच वचनं आहेत, मोठ्याने वाच आणि बायबल मिट. अगदी काळोख वाटेल तेव्हा ८८वं काढ. त्याचा शेवटचा शब्दसुद्धा अंधाराचा आहे, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेवढंही झालं नाही तर उपासना-संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एक कडवं गुणगुण. आल्टोच, खालच्या पट्टीतलाच, गा बाई, आता भांडणार नाही. बोर्डिंगच्या नाताळाला वरच्या पट्टीतला सोप्रानो मला मिळाला म्हणून तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस, पण आल्टो तुझ्यासारखा कोणाचाच लागला नाही, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं.

एक गोष्ट नीट पारखायला शीक. पवित्र आत्मा टोचतो तेव्हा एक ठरावीक चूक दाखवतो, आणि ती सुधारायची वाटही. आजार टोचतो तेव्हा 'तू सगळीच वाईट, सगळ्यांना ओझं' एवढंच म्हणतो, वाट दाखवत नाही. दुसरा आवाज आला की तो प्रभूचा समजू नकोस.

घरातलं सांगते. झोप पहाटे चारला लागली तरी साडेसहाला ऊठ, रोज त्याच वेळेला. उठल्यावर अर्धा तास ओट्यावर बस. पाऊस-ढग असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो, आणि झोपेचं घड्याळ त्यावरच लागतं. दुपारी तीननंतर चहा नाही. (हे तुला गोळ्यांहून कठीण जाणार, मला कल्पना आहे.) अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळलीस तर ऊठ, मंद दिव्यात तांदूळ निवडत बस, डोळे जड झाले की परत जा. चालायला देवळाच्या फाटकापर्यंत दहा मिनिटं, दर आठवड्याला पाच वाढव. 'मन झालं की करीन' म्हणून थांबू नकोस. या आजारात आधी हात हलतात, मन मागून येतं. आंघोळ झाली, दोन कप विसळले, की चर्चच्या कॅलेंडरवर बरोबरची खूण कर. बरं वाटलं का, हे लिहायचं नाही. केलं की नाही, एवढंच.

पाळकसाहेबांना सांग. ते नाव ठेवणार नाहीत. लंडनचे स्पर्जन एवढे मोठे प्रवचनकार. १८५६ साली त्यांच्या सभेत कोणी आगीची खोटी हाक दिली, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढे जन्मभर त्यांना खिन्नतेचे झटके येत, आणि ते पाळक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना हे उघड सांगत.

आता जे फोनवर विचारायचं राहिलं ते. 'मी नसले तरी कोणाचं काय अडणार' असं तू हसत म्हणालीस. रूथ, मरावंसं वाटतं का? तसा काही बेत मनात येतो का? सरळ विचारते, कारण विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला जागा होते. हो असेल तर आज रात्रीच भावोजींना उठवून सांग, एकटी राहू नकोस. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या त्यांच्याकडे दे, रोजची तेवढी मागून घे. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. तोंडपाठ कर. गेथशेमानी बागेत प्रभूसुद्धा मरणप्राय खिन्न झाला तेव्हा तिघा शिष्यांना म्हणाला, इथे थांबा, जागे राहा. त्यानेही सोबत मागितली.

सुनेचं सातव्याचं ओटीभरण कधी ठरलं? धाकट्याच्या व्हिसाचं कळव. पेन्शनची फाईल हलली का?

मी शुक्रवारी साडेअकराच्या सुमारास नगरला उतरते. चार दिवस राहीन. रिक्षा घेऊन येऊ नकोस, स्टँडवर चालत ये, पंधरा मिनिटं होतात.

तुझीच,
बेबी

ता. क. कव्हरातली पट्टी काढून चहाच्या डब्याशेजारी ठेवू नकोस, भावोजींच्या कपाटात ठेव. डॉक्टरांनी सुरू करा म्हटलं की पट्टीच्या मागे बॉलपेनने वार लिही, म्हणजे घेतली की राहिली हा गोंधळ होणार नाही.