मिस्त्रीकाकांस आभारपत्र : चेतकचे इंजिन निवडताना

आदरणीय मिस्त्रीकाकांस सादर नमस्कार.

वडिलांच्या 1984 सालच्या बजाज चेतकला कोणते इंजिन घालावे, हे विचारायला गेल्या दिवाळीनंतर मी आपल्याकडे आलो, तेव्हा खरे तर माझे ठरून गेलेले होते. वाईहून पसरणी घाट चढताना मागे कोणी बसले की गाडी दुसऱ्या गिअरवर यायची आणि तरीही दम टाकायची. म्हणून 63 मिलिमीटर बोअरचे (म्हणजे आतल्या व्यासाचे), 177 सीसीचे सिलिंडर किट बसवायचे, असे एका गॅरेजच्या सल्ल्यावरून मी मनाशी पक्के केले होते. ते किट वाईट आहे, असे आपण एकदाही म्हणाला नाहीत. आपण गाडी स्टँडवर घेतली, गिअरबॉक्सखालचा नट सोडला आणि निघालेले ऑइल मापात ओतले. 250 मिली असायला हवे होते, तिथे जेमतेम दीडशे निघाले. जमिनीवर मात्र कधी थेंबही गळलेला नव्हता.

"मग गेलं कुठं?" असे आपण मलाच विचारलेत आणि उत्तरासाठी थांबलात. क्लचकडचे सील, म्हणजे ऑइल अडवणारे रबरी कडे, कडक होऊन फाटले की क्रँककेस (पिस्टनखालची इंजिनाची पोकळी) गिअर ऑइल आत ओढून घेते, ते पेट्रोलबरोबर जळते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि आत काजळी साठत जाते. मॅग्नेटोकडचे, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाकडचे, सील गेले, तर तिथून जादा हवा शिरते, पेट्रोलचे प्रमाण कमी पडते आणि पिस्टन तापून जाम होण्याची भीती असते, हे आपण सुटे भाग हातात देऊन समजावलेत. आमच्या गाडीची दोन्ही सील गेलेली होती. सायलेन्सर तापवून झाडला, तेव्हा वर्तमानपत्रावर पडलेला काजळीचा ढीग पाहून मी किटचा विषय पुन्हा काढलाच नाही.

तरीही आपण प्रत्येक पर्यायाचा हिशेब माझ्यापुढे मांडलात, याचे मला फार मोल वाटते. मोठे सिलिंडर घ्यायचे, तर केसिंगमधून वर जाणाऱ्या मिश्रणाच्या वाटा त्याच्याशी जुळायला हव्यात, कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, वाढवायला हवा, क्लच तो जोर पेलणारा हवा, आणि घाट उतरताना भरवसा मात्र त्याच जुन्या ड्रम ब्रेकवर ठेवायचा. दुसऱ्या कंपनीचे नंतरच्या काळातले इंजिन बसवण्याचा मोहही मला होता. त्यावर आपण आरसी बुक उघडून इंजिन नंबर आणि सीसी यांच्या नोंदींवर बोट ठेवलेत. या नोंदींशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मालकाला करू देत नाही. वडिलांच्या नावाचे ते पुस्तक आम्ही जपून ठेवले आहे, त्यामुळे मला तेवढे पुरेसे होते.

अखेर जे ठरले, ते माझ्या मूळ बेतापेक्षा कितीतरी साधे होते. चेतकचा बोअर 57 आणि स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 57 मिलिमीटर, म्हणजे 145 सीसी; सिलिंडर अर्धा मिलिमीटर बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन घातल्यावर ते 148 होते, यापलीकडे आकार वाढवायचा नाही. खर्च करायचा तो नव्या सील, बेअरिंग आणि क्लच प्लेटांवर, आणि सुधारणा म्हणून ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या कॉन्टॅक्ट पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे. तेही क्रँकच्या निमुळत्या टोकाला मॅग्नेटो नेमका बसतो की नाही, हे पडताळूनच. मोठे काम आपल्या हाती चालून आले असताना आपण ते स्वतःहून लहान केलेत. गाडीवर आणि माझ्या वडिलांच्या आठवणीवर आपण केलेला हा उपकार मी मनापासून मानतो.

पहिले पाचशे किलोमीटर आपण सांगितल्याप्रमाणे थ्रॉटल न ताणता पूर्ण केले आहेत. परवा आईला मागे बसवून पाचगणीला गेलो, तेव्हा घाटात तिसरा गिअर बऱ्याच अंतरापर्यंत टिकला. घरी आल्यावर प्लग काढून पाहिला, त्याचे टोक चॉकलेटी रंगाचे आहे, म्हणजे पेट्रोल नीट जळते आहे. रविवारी गाडी आणि तो प्लग, दोन्ही आपल्याला दाखवायला घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
वाईचा चेतकवाला