स्टंट आणि अभिनय यांत भिंत नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीने स्टंटच्या रचनेसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू करायचे ठरवले आहे. २०२७ मध्ये प्रदर्शित होणारे चित्रपट त्यासाठी पात्र ठरतील आणि २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात तो पहिल्यांदा दिला जाईल. आपल्या रविवार पुरवणीत या निर्णयाचे स्वागत झाले, ते योग्यच आहे. पण स्टंट करणारा शरीर पणाला लावतो आणि भावना दाखवायच्या त्या नटाने, अशी जी वाटणी त्या लेखात गृहीत धरली आहे ती मला अजिबात पटली नाही. लेख वाचता वाचता मला बेन जॉन्सन आठवत होता.

१९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमधला धावपटू तो वेगळा. मी म्हणते तो अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा गुराखी. हॉलिवूडमध्ये तो घोडे घेऊन आला, मोठमोठ्या नटांचा डुप्लिकेट म्हणून घोड्यावरून पडला, जॉन फोर्डच्या काउबॉयपटांत नावारूपाला आला आणि शेवटी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर घेऊन गेला. रोडिओचे, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांचे, जगज्जेतेपद आणि अभिनयाचे ऑस्कर, दोन्ही मिळवलेला दुसरा कोणी नाही.

मी निवृत्त पशुवैद्यक आहे. नोकरीत गाई-म्हशीच जास्त आल्या, पण टांग्याचे घोडे, वरातीच्या घोड्या आणि पुढे शर्यतीची जनावरेही हाताखालून गेली. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जुन्या व्यापाऱ्यांच्या शेजारी उभी राहून मी स्वाराची मांड पाहायला शिकले. गिऱ्हाईक घोड्याचे दात बघते, ही माणसे आधी वर बसलेल्याकडे बघतात. लगाम किती ओढलेला आहे, कंबर घोड्याच्या चालीबरोबर हलते की तिच्याविरुद्ध जाते, टाच विनाकारण लागते का. ही सवय सिनेमा पाहतानाही सुटत नाही. काउबॉयपटांतले कितीतरी नामवंत नायक घोड्यावर नुसते ठेवलेले दिसतात. जरा वेग वाढला की कॅमेरा लांब जातो आणि डुप्लिकेट येतो. बेन जॉन्सनच्या बाबतीत कॅमेरा जवळच राहतो.

त्याचा जन्म १३ जून १९१८ चा, ओक्लाहोमातल्या ओसेज परगण्यात, फोरेकर नावाच्या लहानशा गावी. वडिलांचे नावही बेन जॉन्सन. ते चॅपमन-बर्नार्ड या गुरे पाळणाऱ्या अवाढव्य रँचचे कारभारी होते आणि दोर टाकण्यात त्यांचा दबदबा होता. मुलगा गुरांमागेच वाढला. निर्माता हॉवर्ड ह्यूजला 'द आउटलॉ' या चित्रपटासाठी घोडे हवे होते. त्याने ते याच रँचवरून घेतले आणि घोड्यांसोबत हा विशीतला पोरगा पश्चिमेकडे गेला. गुराखी म्हणून दिवसाला एक डॉलर मिळायचा. हॉलिवूडचा पहिला चेक तीनशे डॉलरचा आला. त्यानंतर मला दांडक्याने बडवून काढले असते तरी मी ओक्लाहोमाला परत गेलो नसतो, असे तो पुढे सांगत असे. १९४१ मध्ये त्याने कॅरल जोन्सशी लग्न केले. तिचे वडील फॅट जोन्स चित्रपटांना घोडे भाड्याने देत. हॉलिवूडमध्ये त्यांचा तबेला नावाजलेला होता. हा संसार १९९४ मध्ये कॅरलच्या मृत्यूपर्यंत टिकला.

तो काळ घोड्यांसाठी फार वाईट होता, हेही लिहिलेच पाहिजे. घोडा धावता धावता कोसळलेला दाखवायचा तर त्याच्या पुढच्या पायांना तार बांधून ती जमिनीत रोवलेल्या खुंट्याला अडकवत. तार संपली की जनावर तोंडावर आपटे, आणि मोडलेल्या पायाचा घोडा पुन्हा उभा राहत नाही, हे आम्हा पशुवैद्यांना कोणी सांगायला नको. १९३९ च्या 'जेसी जेम्स'च्या वेळी कड्यावरून पाण्यात टाकलेला घोडा मेला, त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि १९४० मध्ये प्राण्यांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या अमेरिकन ह्युमेन संस्थेने हॉलिवूडमध्ये कार्यालय उघडून चित्रीकरणावर देखरेख सुरू केली. जॉन्सन आला तो नेमका या वळणावर. आता काम अशा माणसांचे होते ज्यांना तार न बांधता घोड्याकडून हवे ते करून घेता येई.

त्याला नट बनवले तेही घोड्यांनीच. १९४८ च्या 'फोर्ट अपाची'मध्ये तो हेन्री फोंडा या नटाचा डुप्लिकेट होता. चित्रीकरण चालू असताना तीन माणसे बसलेल्या गाडीचे घोडे उधळले. जॉन्सन जवळच घोड्यावर होता. त्याने घोडा भरधाव सोडला आणि ती गाडी थांबवली. दिग्दर्शक जॉन फोर्ड म्हणाला, याचे बक्षीस तुला मिळेल. जॉन्सनची अपेक्षा एवढीच, की आणखी एखाद्या सिनेमात डुप्लिकेटचे काम मिळावे. फोर्डने सात वर्षांचा करार पुढे ठेवला. पाचव्या ओळीत आठवड्याला पाच हजार डॉलर हा आकडा दिसल्यावर पुढे काही न वाचता आपण सही केली, असे जॉन्सन सांगत असे.

त्यानंतरचे तीन चित्रपट माझ्या मते त्याच्या सवारीचे शिखर आहेत. १९४९ च्या 'शी वोअर अ यलो रिबन'मध्ये तो सार्जंट टायरी आहे, अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडचा, आता उत्तरेच्या फौजेत टेहळणी करणारा. मॉन्युमेंट व्हॅलीच्या तांबड्या मातीत शत्रू मागे लागले आहेत आणि हा घळीवरून घोडा उडवून पलीकडे जातो. हे दृश्य मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिले आहे. झेपेच्या क्षणी त्याचे हात पुढे जातात, घोड्याच्या तोंडाला हिसका बसत नाही, आणि पाय टेकताच तो परत खोगिरात असा बसलेला असतो जणू मध्ये काही घडलेच नाही. त्यातला आणि पुढे 'वॅगन मास्टर'मधला त्याचा घोडा म्हणजे स्टील, सासऱ्यांच्याच तबेल्यातला. स्वार आणि घोडा एकमेकांना ओळखतात हे पडद्यावर दिसते.

आता हा स्टंट झाला की अभिनय? टायरी फार बोलत नाही. वरिष्ठाने मत विचारले की हे माझ्या खात्यात येत नाही म्हणून मोकळा होतो. हा माणूस सावध आहे, मानी आहे, हरलेल्या बाजूचा असूनही वाकलेला नाही, हे सगळे आपल्याला त्याच्या बसण्यातून कळते. ती मांड काढून घेतली तर टायरी उरत नाही. आपल्या लेखातल्या वाटणीत ही गोष्ट कोणत्या बाजूला टाकणार?

१९५० च्या 'वॅगन मास्टर'मध्ये तो थेट नायक आहे. मॉर्मन या धर्मपंथाच्या लोकांच्या तांड्याला वाट दाखवणारा घोड्यांचा व्यापारी. या चित्रपटात नावाजलेला तारा एकही नाही आणि त्याची उणीव क्षणभरही भासत नाही. वाटेत भेटलेले नावाहो लोक तांड्याला आपल्या मुक्कामी बोलावतात आणि सगळे मिळून नाचतात. त्या काळच्या काउबॉयपटांत मूळ रहिवाशांना असे माणूस म्हणून भेटणे विरळाच. त्याच वर्षीच्या 'रिओ ग्रांडे'त जॉन्सन आणि हॅरी केरी ज्युनियर दोन घोड्यांच्या पाठींवर एकेक पाय ठेवून उभ्याने दौडतात आणि अडथळ्यावरून उडी मारतात. डुप्लिकेट नाही. असे उभे राहायचे तर दोन घोड्यांची चाल एक झाली पाहिजे. एक जरी पाऊलभर मागे पडला तरी स्वार खाली.

याच चित्रपटाच्या वेळी फोर्डशी बिनसले. फोर्ड माणसांचा जाहीर पाणउतारा करण्यात प्रसिद्ध होता. एका जेवणाच्या टेबलावर जॉन्सनला ते सहन झाले नाही. तो सुनावून उठून गेला. 'शायेन ऑटम' १९६४ मध्ये आला, तोवर फोर्डच्या एकाही चित्रपटात तो दिसला नाही. आपल्याला वर आणणाऱ्या माणसासमोर असे उठून जाणे सोपे नसते. मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो.

'शेन'मध्ये तो दारूच्या गुत्त्यात नायकाची खोड काढणारा, मार खाणारा आणि शेवटी लाजून बाजू बदलणारा काउबॉय आहे. तो चित्रपट १९५३ मध्ये गाजत होता तेव्हा हा पठ्ठ्या मात्र पडद्यापासून दूर, रोडिओच्या रिंगणात होता. वर्षभर काम सोडून तो दोघांनी मिळून दोराने जनावर पकडण्याच्या स्पर्धा लढला. यात एक स्वार शिंगांत फास टाकतो, दुसरा मागच्या पायांत, आणि दोर ताणला जाईल त्या क्षणी दोन्ही घोड्यांनी जागच्या जागी रोवून उभे राहायचे असते. त्या वर्षी तो जगज्जेता झाला. घरी परतला तेव्हा खिशात तीन डॉलरही नव्हते. होती ती खिळखिळी झालेली मोटार आणि संतापलेली बायको, असे त्याचेच शब्द. मग पुन्हा सिनेमा. १९६९ च्या 'द वाइल्ड बंच'मध्ये मरणाच्या दिशेने चालत जाणाऱ्या चौघांत विल्यम होल्डन, अर्नेस्ट बोर्गनाइन आणि वॉरन ओट्स यांच्याबरोबर तोही आहे.

आणि मग 'द लास्ट पिक्चर शो'. टेक्सासमधले मरू घातलेले गाव, कृष्णधवल छायाचित्रण, आणि गावातले हॉटेल, बिलियर्डचा अड्डा व सिनेमा थिएटर चालवणारा म्हातारा सॅम. दिग्दर्शक पीटर बोग्दानोविचला जॉन्सनच हवा होता. जॉन्सन नाही म्हणाला. शिव्या फार आहेत आणि बोलायचेही फार आहे, ही त्याची दोन कारणे. शेवटी बोग्दानोविचने जॉन फोर्डला मध्यस्थी घातले. जन्मभर काउबॉयपटांचा तारा जॉन वेन याचा जोडीदार म्हणूनच राहायचे आहे का, असे फोर्डने विचारले म्हणतात. जॉन्सन तयार झाला, पण आपल्या तोंडच्या शिव्या काढून टाकूनच.

तो पडद्यावर जेमतेम दहा मिनिटे आहे. पाण्याच्या तळ्याकाठी दोन पोरांबरोबर मासे धरत बसलेला सॅम वीस वर्षांपूर्वीची आठवण सांगतो. एका मुलीला तो इथे घेऊन आला होता. घोडे पोहत पाण्यापलीकडे न्यायचे असे तिच्या मनात आले. वेडेपणाच होता, पण दोघांनी केला. चांदीच्या डॉलरची पैज लागली, आणि ती जिंकली. बस, एवढेच. घोडा दिसत नाही. जॉन्सन हातसुद्धा फारसा हलवत नाही. तरी ते पाणी, ती मुलगी, ते दोन घोडे मला दिसतात, कारण सांगणाऱ्याच्या अंगात घोडा आहे. ज्याने आयुष्यभर भेदरलेल्या जनावरांजवळ शांत बसायची सवय लावून घेतली, तो कॅमेऱ्यासमोरही तसाच बसतो. नाट्यशाळेत हे शिकवता येत असेल, मला माहीत नाही. त्याला मात्र ते ओसेजच्या कुरणात मिळाले.

१० एप्रिल १९७२ च्या रात्री, ५३ व्या वर्षी, त्याला ऑस्कर मिळाले. त्याच सोहळ्यात चॅप्लिनला मानाचा पुरस्कार दिला गेला, त्यामुळे त्या रात्रीच्या आठवणीत जॉन्सन मागे पडतो. पुढेही तो काम करत राहिला. ८ एप्रिल १९९६ रोजी ॲरिझोनात, आईच्या भेटीला गेला असताना तो वारला.

संपादक महोदय, माझ्या दोन विनंत्या आहेत. स्टंटच्या नव्या ऑस्करबद्दल आपण पुढे लिहाल तेव्हा बेन जॉन्सनचे नाव त्यात असावे, आणि आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांनी 'वॅगन मास्टर' आणि 'द लास्ट पिक्चर शो' लागोपाठ दाखवावेत, म्हणजे मी काय म्हणते ते पाहून ठरवता येईल. आणखी एक विनंती वाचकांना. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांत मावळ्यांचे घोडे दौडले. त्यांवरच्या स्वारांची नावे मला अजून कुठे वाचायला मिळालेली नाहीत. कोल्हापूर परिसरात ज्यांच्या घरी ती माहिती असेल, त्यांनी ती या सदरात जरूर कळवावी: स्वार कोणत्या गावचे, घोडे कोणाच्या पागेतले, आणि पडल्यावर उपचार कोणी केले.

आपली,
एक निवृत्त पशुवैद्यक, फलटण