संगणकातल्या गर्दीत माणसं कोणती घातली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीच्या बातम्या रोज येताहेत. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, या तारखा आता पंचवटीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ झाल्या असतील. या सगळ्या चर्चेत ‘एआय’ आणि ‘सिम्युलेशन’ हे शब्द इतके येतात, की गर्दीची काळजी आता पोलिसांनी नव्हे, संगणकानं करायची आहे असं वाटावं. मी शहरातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवत असे. या तंत्राला माझा विरोध मुळीच नाही. उलट आमच्या विषयानं त्याकडे फार काळ पाठ फिरवली, हीच माझी तक्रार आहे. पण एक गोष्ट विचारायची आहे. पडद्यावर जे ठिपके गोदावरीतल्या रामकुंडाकडे, म्हणजे स्नानाच्या जागेकडे, सरकताना दिसतात, त्यांनी कसं वागायचं हे कोणी ठरवलं?

सिम्युलेशन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. संगणकात काही शे किंवा काही लाख माणसं कल्पायची, प्रत्येकाला वागण्याचे दोन-चार साधे नियम द्यायचे, त्यांना एकमेकांकडे बघून वागू द्यायचं आणि समूहाचं काय होतं ते पाहायचं. समूहासाठी वेगळा नियम लिहायचा नाही. तो आपोआप घडतो, आणि बरेचदा असा घडतो की नियम लिहिणाराच चकित होतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये हे दंगलीच्या उदाहरणातून दाखवलं होतं. मी आपला मेन रोड घेतो. बंदची हाक आली की दुकानदार काय करतो? शेजारी बघतो. समजा १०० दुकानं आहेत. पहिला कोणाची वाट न बघता शटर ओढतो. दुसरा एक शटर खाली आलेलं दिसलं की ओढतो, तिसरा दोन दिसल्यावर, चौथा तीन दिसल्यावर, आणि असं करत शंभरावा नव्याण्णव बंद झाल्यावर. अख्खा रस्ता बंद. आता फक्त दुसऱ्या दुकानदाराला किंचित धीट करा. एक नाही, दोन शटरं पडल्याशिवाय तो हलणार नाही. बाकीचे ९९ जण होते तसेच. मग पहिलं शटर खाली येतं आणि प्रकरण तिथंच संपतं. एका वेळी आपल्या पेपरात ‘कडकडीत बंद’ छापून येईल, दुसऱ्या वेळी ‘बंदचा फज्जा’, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी जनमत कसं पालटलं यावर व्याख्यानं झोडू. जनमत तर जागचं हललेलंच नाही. घरोघर प्रश्नावल्या भरून घेतल्या असत्या तरी दोन्ही वेळा सरासरी जवळपास तीच आली असती. आमच्या विषयाचा बराचसा डोलारा प्रश्नावल्यांच्या सरासरीवर उभा आहे, म्हणून मला हे उदाहरण झोंबतं आणि आवडतंही.

दुसरं नाव थॉमस शेलिंग यांचं. अर्थशास्त्राचं २००५ चं नोबेल मिळालेले ते हेच. त्यांनी सुरुवातीला संगणक वापरलाच नव्हता. मुलाच्या संग्रहातली तांब्याची आणि जस्ताची नाणी घेऊन त्यांनी चौकटीच्या पटावर मांडली. नियम एकच: माझ्या शेजाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश माझ्यासारखे असले तर मी खूश, नाहीतर मी दुसऱ्या रिकाम्या घरात जातो. म्हणजे दोन तृतीयांश शेजारी परके असले तरी या माणसाची हरकत नाही. तरीही काही चाली झाल्या की पटावर दोन वेगळे मोहल्ले दिसू लागतात. आज ‘नेटलोगो’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे कोणीही करून पाहू शकतं. ३० टक्क्यांची माफक अपेक्षा ठेवली तरी शेवटी माणसाच्या शेजारात सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास आपलेच लोक येतात.

शेलिंग यांचा हा लेख १९७१ मध्ये गणिती समाजशास्त्राच्या एका नियतकालिकात आला. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, तशाच चौकटीच्या पटावरचं एक मॉडेल जेम्स साकोडा यांनीही मांडलं होतं, पण त्यांचं नाव मागे पडलं. साकोडा जपानी वंशाचे अमेरिकी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्यांत ते स्वतः होते आणि तिथंच राहून अभ्यासकाचं कामही करत होते. लोक कोणाच्या जवळ सरकतात, कोणाला टाळतात, हे त्यांनी रोज पाहिलं. १९४९ च्या प्रबंधातच त्यांच्या पटाचं पहिलं रूप आहे. (पुढे कागदाच्या घड्यांची कला, ओरिगामी, यातही या गृहस्थांनी नाव कमावलं.) नियम कोणी लिहावेत, असं मला कोणी विचारलं तर मी साकोडांकडे बोट दाखवीन.

शेलिंग यांचं मॉडेल नाशिकमध्ये शिकवताना मात्र सावध राहावं लागतं. वर्गात एखादा हुशार विद्यार्थी हमखास म्हणतो, ‘म्हणजे सर, कोणाच्याच मनात वाईट नव्हतं, वस्त्या आपोआप वेगळ्या झाल्या.’ त्याला मी काळाराम मंदिराची आठवण देत असे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथं सत्याग्रह सुरू झाला, तो कोणाच्या माफक आवडीनिवडीविरुद्ध नव्हता. दारं बंद केलेली होती. मॉडेल एवढंच सांगतं की माफक आवडीनंसुद्धा फाटाफूट होऊ शकते. आपल्या शहरात ती तशीच झाली, असं ते सांगत नाही. ते जुने दस्त, जमिनीचे उतारे आणि माणसांच्या तोंडून कळतं. भाड्यानं फ्लॅट बघायला गेल्यावर आधी आडनाव विचारलं जातं तेव्हाही हाच फरक लक्षात ठेवावा.

आता गर्दीकडे येतो. २००३ च्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला, याच काळाराम मंदिराच्या परिसरात, सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. मिरवणुकीतल्या साधूंनी उधळलेली नाणी घ्यायला लोक वाकले आणि रेटा आला, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. तेवढं एकच कारण नव्हतं. अरुंद उतार होता, मिरवणुकीसाठी रोखून धरलेले लोक होते. पण ते नाणं घ्या. गर्दीच्या कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये ‘साधूच्या हातचं नाणं प्रसाद असतो, त्यासाठी जीव धोक्यात घालून माणूस वाकतो’ असा नियम लिहिलेला असतो? तो लिहायला रामकुंडावर उभं राहिलेलं कोणीतरी लागतं.

गर्दीच्या सिम्युलेशनचा पाया बराचसा भौतिकशास्त्रज्ञांनी घातला. डर्क हेलबिंग आणि पीटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये चालणाऱ्या माणसांना कणांसारखं कल्पलं: प्रत्येकाला पुढे जायचंय, इतरांपासून थोडं अंतर राखायचंय. एवढ्यावरच समोरासमोर येणाऱ्या गर्दीच्या रांगा आपसूक वेगळ्या होताना दिसल्या. २००० मध्ये हेलबिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दारापाशी सगळेच घाई करू लागले तर बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. हे मोठं काम आहे, त्याला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही.

पण आपल्याकडे कण एकटा येत नाही. युरोपातल्या रस्त्यांवर पाहणी करून मेहदी मुसाईद आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की बाजारपेठेतल्या गर्दीत ७० टक्क्यांपर्यंत लोक दोघा-तिघांच्या गटानं चालतात. गर्दी वाढली की तिघांचा गट इंग्रजी ‘व्ही’सारखा होतो, कारण त्यांना एकमेकांशी बोलायचं असतं, आणि त्यानं सगळ्यांचाच वेग मंदावतो. हे खरेदीला निघालेल्या लोकांचं. पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, गावाकडून आलेल्या अकरा जणांचं काय? म्हातारीचा पदर सुनेच्या हातात, एका पोराला खांद्यावर घेतलेलं, पिशवीत ओले कपडे, आणि एक जण मागे राहिला की दहा जण भर रस्त्यात थांबणार. वाट मोकळी दिसली म्हणून हे कुटुंब त्या वाटेनं जात नाही. आलेल्याच वाटेनं परततं, कारण चपला आणि जीप तिकडे आहेत. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला निघालेली दिंडी पाहा. झेंडा कुठे, वीणेकरी कुठे, मागच्यांनी किती अंतर ठेवायचं, सगळं ठरलेलं. दिंडी तुटू देत नाहीत. कणांचं गणित दिंडीला लावलं तर उत्तर चुकेलच.

आणखी एक पेच असा की माणसं अंदाजावरही प्रतिक्रिया देतात. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की भाविकांना मैलोनमैल चालावं लागलं आणि गर्दी अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली. दुकानदारांनी ओरड केली, निर्बंध सैल झाले आणि दुसऱ्या पर्वणीला घाट फुलले. पहिल्या पर्वणीच्या आकड्यांवर दुसऱ्या पर्वणीचं सिम्युलेशन केलं असतं तर? पावसाला वेधशाळेचा अंदाज ऐकू येत नाही, माणसाला येतो.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबरला, हज यात्रेत मक्केजवळच्या मिना इथं चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसारही सातशेहून अधिक लोक मेले. तिथं २००६ मध्ये जमरात पुलापाशी (सैतानाला खडे मारायचा विधी होतो तिथं) दुर्घटना झाल्यावर चित्रफितींचा बारकाईनं अभ्यास झाला होता, पूल नव्यानं बांधला होता, वाटा एकेरी केल्या होत्या. २०१५ ची दुर्घटना पुलावर झाली नाही. ती पुलापासून दूर, तंबूंच्या वस्तीतल्या रस्त्यांच्या तिठ्यावर झाली. आपल्याकडे रामकुंडाचं सिम्युलेशन उत्तम होईल याबद्दल मला शंका नाही. बसस्थानकापासून घाटापर्यंतच्या गल्लीबोळांचं कोण करणार?

म्हणून मागणी साधी आहे. सिंहस्थासाठी जे मॉडेल वापरलं जाईल, त्यात माणसांना कोणते नियम दिले, ते मराठीत एका पानावर छापून लोकांसमोर ठेवा. भाविक एकटा धरलाय की कुटुंबासह? हात सुटला तर तो काय करतो? एकच एक आकडाही सांगू नका. असं मॉडेल शेकडो वेळा चालवायचं असतं आणि दर वेळी उत्तर थोडं वेगळं येतं. किती वेळा बरं झालं, किती वेळा वाईट, तेही सांगा. पानावर छापलं की गोदाघाटावरचा फुलवाला आणि बोहरपट्टीतला दुकानदार अर्ध्या तासात चार चुका काढून देईल, त्याही फुकटात.

आणि आमच्या महाविद्यालयांनी हातावर हात ठेवून बसू नये. २०२७ पर्यंत श्रावणातला तिसरा सोमवार आणि त्याची ब्रह्मगिरी फेरी येणार, निवृत्तिनाथांची यात्रा येणार, चैत्रात सप्तशृंगगड येणार. समाजशास्त्राच्या मुलांना वही देऊन उभं करा. किती जणांचा गट, कोण पुढे चालतं, हाक कोण मारतं, चुकामूक झाली तर कुठे थांबतात, एवढं टिपलं तरी संगणक विभागाच्या मुलांना भरवायला पुरेसा माल मिळेल. दोन्ही विभाग बहुतेक ठिकाणी एकाच इमारतीत आहेत. मधला जिना तेवढा चढायचा आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
पंचवटी, नाशिक