चिऊ, नुसती नोटीस दिली म्हणून लग्न करू नकोस

चिऊ,
काल फोनवर एवढी रडलीस की मला धड बोलताच आलं नाही, म्हणून टाइप करत बसलेय, बाबा झोपलेत, त्यांना अजून काही सांगितलं नाहीये.

म्हणजे झालं एवढंच ना, की कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपचं गेट-टुगेदर झालं, तिथे तो तुमचा लाइट्सवाला इतक्या वर्षांनी भेटला, दुसऱ्या दिवशी दोघंच कॉफीला गेलात, आणि घरी आल्यावर आपल्या त्याने, ज्याच्याशी लग्नाची नोटीस दिलीयेस त्याने, "जेवलीस का, गाडी नीट लावलीस ना" विचारलं तर तुझ्या डोक्यात गेलं. अगं, पाच वर्षं हेच विचारतोय तो! तेव्हा मला कौतुकाने सांगायचीस.

तुझे पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेचे दिवस मला चांगले आठवतात. बाहेर धो धो पाऊस आणि तू मध्यरात्री तालमीवरून यायचीस, आवाज बसलेला, केस ओले, आणि जेवायचं सोडून कोणाची एन्ट्री चुकली, कुठे संवाद पडला हेच चालू. भरत नाट्य मंदिरात बघायला आलो तेव्हा "अरे आव्वाज कुणाचा"च्या गोंगाटात बाबा म्हणाले, ही आपलीच पोरगी का गं? त्या लाइट्सवाल्या मुलाला तू तेव्हाची माहीत आहेस. त्याच्याशी तू कधी लाइट बिलावरून भांडली नाहीस की त्याच्या आईचं पथ्यपाणी केलं नाहीस. मुलगा वाईट नाही हं, आपल्याकडे येऊन थालीपिठं फस्त करायचा, मला आवडायचा. पण दोन संध्याकाळी आणि पाच वर्षं, कशी काय तुलना करतेस?

आणि एक सांगू, काल तू त्याच्याबद्दल बोललीसच कुठे? तो आता काय करतो हेही तुला नीट सांगता येईना. बोललीस ते सगळं नाटकाबद्दल. नोकरी लागल्यापासून स्टेजवर पाय ठेवला नाहीयेस तू, आणि आपल्या त्याने अडवलंय म्हणावं तर तोच तुला ग्रुपच्या लिंका पाठवायचा आणि तू म्हणायचीस वीकेंडला झोपायचंय. हे मला दिसतंय ते लिहिलं. नाटक नुसतं निमित्त असेल आणि तुला खरंच तो मुलगा आवडत असेल, तर तसं. पाच वर्षं झाली म्हणून सहाव्याची सक्ती नाही.

नोटीसचं टेन्शन घेऊ नकोस. स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये नोटीस दिल्यावर ३० दिवसांनी लग्न करता येतं, केलंच पाहिजे असं नाही. ३ महिन्यांत नाही केलं तर ती आपोआप बाद होते, पुढे वाटलं तर नवीन द्यायची. आत्याला काय सांगायचं ते मी बघते, ती तशीही रजिस्टर लग्न म्हटल्यापासून फुगलीय, अजून थोडी फुगेल.

पण त्या मुलाबरोबरचं चॅट डिलीट करतेस म्हणालीस ना, ते मला अजिबात पटलं नाही. तुझं ठरायचं तेव्हा ठरू दे, पण काय चाललंय ते आपल्या त्याला माहीत पाहिजे. दुपारी त्याचा मला फोन आला होता, ३ साक्षीदार लागतात, दोन मित्र आहेत, तिसरे म्हणून मामांना विचारू का म्हणून. मी म्हटलं थांब, आधी चिऊशी बोल. रात्री विचारेल तुला.

आई