जप्तीच्या बातमीशेजारी माल सुटायला लागलेला वेळही छापावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमानतळावर सोने पकडले गेले, कंटेनरच्या तळाशी दडवलेली सिगारेटची खोकी सापडली, अशा बातम्या आपल्या दैनिकात ठळकपणे येतात आणि त्या यायलाच हव्यात. मात्र सीमाशुल्क विभागाचे काम जोखण्यासाठी वाचकांपुढे केवळ जप्तीचेच आकडे येत राहिले, तर त्या कामाचा फार मोठा भाग नजरेआड राहतो. आयातीची कागदपत्रे तयार करण्यात माझी उमेदीची सारी वर्षे गेली असल्याने याबाबत थोडे सविस्तर लिहीत आहे.

तस्करी म्हटले की रात्री किनाऱ्याला लागणारी होडी डोळ्यांसमोर येते. अशा होड्या आजही लागतात, पण मी जी करचुकवेगिरी जवळून पाहिली ती भरदिवसा, सह्या-शिक्क्यांनिशी रीतसर दाखल केलेल्या कागदांतून होणारी होती. मालाची किंमत बिलात कमी दाखवायची आणि उरलेली रक्कम विक्रेत्याला दुसऱ्या वाटेने पोहोचवायची. माल एका देशात बनलेला असताना सवलतीचा दर मिळावा म्हणून दुसऱ्या देशाचे प्रमाणपत्र जोडायचे. किंवा वस्तूचे नावच असे लिहायचे की ती कमी शुल्काच्या वर्गात जाऊन बसेल. १ जानेवारी १९८८ पासून अमलात असलेल्या सुसंवादी वर्गीकरण प्रणालीमुळे आज दोनशेहून अधिक देश आणि प्रदेश व्यापारी माल एकाच सहा अंकी सांकेतिक क्रमांकाने ओळखतात. पूर्ण तयार स्मार्टफोन आणि त्याचे सुटे भाग हे दोन्ही त्या प्रणालीत ८५१७ या एकाच शीर्षकाखाली येतात, फक्त पुढचे दोन अंक बदलतात. जिथे सुट्या भागांवरील शुल्क कमी असते, तिथे ते दोन अंक बदलण्याचा मोह किती मोठा असेल, हे सांगायला नको. कंटेनर उघडला तरी वरवर पाहणाऱ्याला यात काहीच गैर दिसणार नाही. वस्तूची जाण असलेला, तिची तांत्रिक माहितीपत्रके वाचू शकणारा अधिकारीच ही चोरी पकडू शकतो.

किमतीच्या बाबतीत तर अधिकाऱ्याचे काम आणखी नाजूक असते. मूल्यांकनाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार शुल्क आकारायचे ते प्रत्यक्ष व्यवहारातील किमतीवर. अधिकाऱ्याला ती कमी वाटली म्हणून आपल्या अंदाजाने वाढवता येत नाही. संशय असल्यास त्याने कारण सांगून पुरावे मागायचे असतात आणि समाधान न झाल्यास तशाच किंवा तत्सम मालाच्या किमतीपासून सुरुवात करून ठरलेल्या क्रमाने पुढे जायचे असते. हा नियम प्रामाणिक आयातदाराचे संरक्षण करतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. पण याच नियमामुळे निर्यात करणाऱ्या देशाकडून मिळणारी माहिती निर्णायक ठरते. तिकडे निर्यातीच्या वेळी जाहीर केलेली किंमत आणि इकडे आयातीच्या वेळी दाखवलेली किंमत शेजारी-शेजारी ठेवली, की पुष्कळदा आणखी काही विचारावे लागत नाही.

प्रत्येक कंटेनर तपासावा, असे अनेक सज्जन माणसे तळमळीने सुचवतात. अमेरिकेने २००७ मध्ये तसा कायदाच केला होता: आपल्याकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशातील बंदरात जहाजावर चढण्यापूर्वी २०१२ पर्यंत यंत्राने तपासला जावा. ती मुदत पाळली गेली नाही आणि त्यानंतर ती वारंवार वाढवावी लागली. बंदरातील जागा, यंत्रे आणि त्या प्रतिमा वाचणारी माणसे या सगळ्यांनाच मर्यादा असतात. म्हणून माल पोहोचण्यापूर्वीच त्याची माहिती घ्यायची, आयातदाराचा पूर्वेतिहास, माल आलेला मार्ग, वजन आणि किंमत यांचा मेळ बघायचा, संशयास्पद माल तेवढा थांबवायचा आणि बाकीचा सोडून द्यायचा, हाच व्यवहार्य मार्ग आहे. सोडलेल्या मालाची हिशेबतपासणी नंतर आयातदाराच्या दफ्तरात जाऊन करता येते. जागतिक सीमाशुल्क संघटनेने २००५ मध्ये स्वीकारलेल्या चौकटीत विश्वासार्ह व्यापाऱ्यांना अधिकृत मान्यता देऊन त्यांची तपासणी कमी करण्याची तरतूद आहे, ती याच विचारातून आली. अशा मान्यताप्राप्त व्यापाऱ्यांचा मालही अधूनमधून अचानक उघडून बघितला पाहिजे, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. कोणाचा माल उघडला जाणार नाही हे तस्करांना एकदा कळले, की ते त्याच्याच नावाचा आडोसा शोधतात.

आता विलंबाविषयी. एका बंदरात आमच्या ग्राहकाची वैद्यकीय उपकरणाचे भाग असलेली पेटी अकरा दिवस अडकली होती. तपासणीला आमची कधीच हरकत नव्हती. पण पहिल्या दिवशी माहितीपत्रक मागितले, ते दिल्यावर दोन दिवसांनी बँकेचा कागद, तो दिल्यावर उत्पादकाचे पत्र, असे एकेक मागणे येत राहिले. सगळे प्रश्न एकदम विचारले असते, तर दुसऱ्या दिवशी उत्तरे हातात पडली असती. अखेर माल जसा जाहीर केला होता तसाच निघाला, शुल्क एका पैशानेही बदलले नाही, आणि बंदराचे विलंबशुल्क मूळ शुल्कापेक्षा जास्त झाले. तो ग्राहक पुढच्या खेपेला आमच्याकडे आला नाही. ‘सगळे बघून घेणारा’ माणूस त्याला सापडला होता. मला आमचे काम गेल्याचे दुःख कमी आणि एक सरळ माणूस त्या वाटेला लागल्याचे दुःख अधिक झाले. सरळ मार्ग इतका खडतर केला, की आडमार्गाला गिऱ्हाईक आपणच मिळवून देतो.

शुल्काच्या दराबाबतही हेच खरे आहे. ब्रिटनमध्ये अठराव्या शतकात चहावर इतका कर होता, की देशात प्यायल्या जाणाऱ्या चहाचा मोठा हिस्सा चोरट्या मार्गाने येत असे. १७८४ मध्ये हा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला गेला आणि चहाच्या तस्करीतला नफाच संपला. अधिकृत मार्गाने येणारा चहा अल्पावधीत दुपटीहून अधिक झाला. जबर कर तस्करीला निमंत्रण देतो, असे लिहिणारे अ‍ॅडम स्मिथ त्या वेळी स्वतः स्कॉटलंडमध्ये सीमाशुल्क आयुक्त होते. १७७८ पासून १७९० मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ते पद सांभाळले.

याचा अर्थ सवलतीच दिल्या की सारे सुरळीत होते, असा नाही. ऑनलाइन खरेदीच्या लहान पार्सलांना दिलेली करमाफी हे त्याचे ताजे उदाहरण आहे. मोठी खेप तुकड्या-तुकड्यांत पाठवून आणि किंमत मर्यादेच्या जरा खाली दाखवून या माफीचा गैरफायदा घेतला गेला. युरोपीय संघाने २२ युरोंपर्यंतच्या मालाची मूल्यवर्धित करातील सूट १ जुलै २०२१ पासून काढून घेतली आणि अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस सर्वच देशांसाठी थांबवली. आता या असंख्य पार्सलांवरील शुल्क गोळा करायचे, तर माहिती विक्रेत्या संकेतस्थळाकडूनच आगाऊ घ्यावी लागेल. टपालाच्या गोदामात एकेक पुडके फोडून ते होणारे नाही.

म्हणून माझी विनंती अशी. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आला आहे. त्यात सदस्य देशांना माल सुटण्यास लागणारा सरासरी वेळ मोजून प्रसिद्ध करण्याचे आवाहन केलेले आहे, आणि शुल्काचा वाद मिटायचा असला तरी हमी घेऊन माल सोडण्याची तरतूदही आहे. आपल्या वार्ताहरांनी सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ‘या वर्षी किती पकडले?’ या प्रश्नाबरोबरच काही प्रश्न आणखी विचारावेत. माल पोहोचल्यापासून सुटेपर्यंत सरासरी किती तास गेले आणि त्यांतले किती तास आपल्या कार्यालयात, किती बंदरात, किती इतर परवानगी देणाऱ्या खात्यांत गेले? तपासलेल्या शंभर खेपांपैकी किती खेपांत खरोखर काही आढळले? आणि जप्तीच्या किती प्रकरणांत विभागाचा निर्णय अपिलात टिकला? ही उत्तरे जप्तीच्या छायाचित्राशेजारीच, तितक्याच ठळकपणे छापली जावीत.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक